मुंबईचे दगड वाचू या

एखादी जुनी इमारत, कमान, मनोरा किंवा पुतळा आपण पाहतो. 'केवढे मोठे!' असे म्हणतो आणि पुढे जातो. घरी आल्यावर कोणी विचारले, 'काय पाहिले?' तर सांगता येत नाही. डोळ्यांनी पाहिले, पण मनात काही उतरले नाही.

असे होऊ नये म्हणून एक सोपी युक्ती आहे. कोणतीही जुनी वास्तू पाहताना चार प्रश्न विचारावे. ही कोणी बांधली? केव्हा बांधली? कशासाठी बांधली? आणि चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हिच्यासाठी पैसा कोणाचा लागला आणि घाम कोणाचा गळला? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा दगडावर कोरलेली असतात. चौथ्याचे उत्तर क्वचितच कोरलेले असते. ते आपण शोधायचे असते.

ही युक्ती कशी वापरावी, हे सांगण्यासाठी आम्ही मुंबईचे उदाहरण घेतो. आमचे गाव कसाऱ्याच्या बाजूला आहे. तिथून लोकलने सकाळी निघावे, दिवसभर हिंडावे आणि रात्री घरी यावे, असे जमते. आम्ही घरची सहा माणसे गेलो होतो. आम्ही, आमची मंडळी, मुलगा, सून, दहा वर्षांचा नातू आणि आमच्या थोरल्या वहिनी. वहिनींचे वय सत्तरीचे. दोन वर्षांपूर्वी त्या रात्रीच्या साक्षरता वर्गाला जाऊ लागल्या. आता सावकाश, पण न अडखळता वाचतात. मुंबईत जिथे अक्षर दिसेल तिथे त्या थांबत. त्यामुळे आम्हाला उशीर झाला खरा. पण वास्तू नीट पाहून झाल्या, हेही तितकेच खरे.

निघण्याआधी

मोठ्या शहरात जाताना थोडी तयारी हवी. सगळे पैसे एकाच खिशात ठेवू नयेत. लहान मुलाच्या खिशात घरच्या माणसाचे नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाली तर कुठे थांबायचे ते आधीच ठरवावे. बरोबर पाणी आणि भाकरी घ्यावी. पायात सवयीची वहाण असावी. नवी वहाण चावते आणि मग वास्तूऐवजी माणूस आपला पायच पाहत बसतो.

आणखी एक. एका दिवसात सगळी मुंबई पाहण्याचा हट्ट धरू नये. पाच ठिकाणे नीट पाहावीत. बाकीची पुढच्या खेपेला.

पहिले ठिकाण : रेल्वे स्थानक

गाडी जिथे शेवटची थांबते, तेच पाहण्याचे पहिले ठिकाण. या स्थानकाचे नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. टर्मिनस म्हणजे जिथे रूळ संपतात ते स्थानक. गर्दीबरोबर बाहेर पडावे आणि रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला जावे. तिथून मागे वळून पाहावे.

ही इमारत बांधायला १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे लागली. आराखडा स्टीव्हन्स नावाच्या इंग्रज स्थापत्यकाराचा. इंग्लंडच्या राणीच्या नावावरून तिला 'व्हिक्टोरिया टर्मिनस' म्हणत. १९९६ मध्ये शिवाजी महाराजांचे नाव दिले. २००४ मध्ये 'जागतिक वारसा' म्हणून जगातल्या महत्त्वाच्या वास्तूंच्या यादीत तिची नोंद झाली.

फाटकाच्या दोन खांबांवर दोन जनावरे आहेत. नातवाने लगेच ओळखली. एक सिंह आणि एक वाघ. सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा, अशी ती खूण आहे. भिंतींवर पाने, फुले, पक्षी, माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. हे नक्षीकाम करण्यात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. म्हणजे आराखडा गोऱ्या साहेबाचा, पण छिन्नी आपल्या पोरांची.

आता चौथा प्रश्न. आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी याच भागातून, बोरीबंदरहून, ठाण्याला गेली. अंतर ३४ किलोमीटर. ती यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेठ, म्हणजे नाना शंकरशेठ, हे एक प्रमुख होते. त्यांचा जन्म मुरबाडचा. आपल्याच जिल्ह्यातला माणूस. पुढे रूळ घाट चढू लागले. खंडाळ्याचा बोरघाट १८६३ मध्ये आणि आमचा कसारा घाट १८६५ मध्ये रेल्वेला खुला झाला. हजारो मजुरांनी सुरुंग लावून ते डोंगर फोडले. कित्येक पटकीने मेले, कित्येक तापाने, कित्येक दरडीखाली. बायकाही पाट्या वाहत होत्या.

हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "त्यांची नावं कुठं लिहिलीत, भाऊजी?"

आम्ही म्हणालो, "त्या सगळ्यांची नावं कोण लिहिणार, वहिनी?"

त्या काही बोलल्या नाहीत. पण दिवसभर प्रत्येक दगडाजवळ त्या नावे शोधत राहिल्या.

या स्थानकात आणखी एका गोष्टीची आठवण ठेवावी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी इथे शिरले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. पन्नासाहून अधिक माणसे गेली. गावाकडच्या गाडीची वाट पाहत, गाठोडी उशाला घेऊन बसलेली ती माणसे होती. तुमच्याआमच्यासारखीच. आम्ही दोन मिनिटे तिथे उभे राहिलो आणि मग पुढे निघालो.

दुसरे ठिकाण : टाउन हॉल

स्थानकाच्या दक्षिणेचा भाग 'फोर्ट' या नावाने ओळखला जातो. फोर्ट म्हणजे किल्ला. पण किल्ला कुठे दिसत नाही. नातू विचारू लागला, "आजोबा, किल्ला कुठं गेला?" तर ऐका. पूर्वी इथे इंग्रजांचा तट होता, खंदक होता, वेशी होत्या. शहर वाढले आणि तट अडचणीचा वाटू लागला. १८६० नंतरच्या काही वर्षांत तो पाडून टाकला. तट गेला, नाव राहिले. गावात नाही का, वड पडून गेला तरी त्या जागेला 'वडाजवळ' म्हणतात? तसेच हे.

या भागात एक गोल बाग आहे. तिचे नाव हॉर्निमन सर्कल. बागेसमोर पांढऱ्या खांबांची मोठी इमारत आहे. हा टाउन हॉल, १८३३ मध्ये पुरा झाला. समोर तीस पायऱ्या आहेत. वहिनींनी एकेक मोजत चढून पाहिल्या. इथे एशियाटिक सोसायटी ही विद्वानांची संस्था आहे. तिच्या ग्रंथालयात लाखाहून अधिक पुस्तके आहेत. नाना शंकरशेठ यांचा पुतळाही याच इमारतीत आहे.

आज जिथे बाग आहे, तिथे पूर्वी मोकळे मैदान होते. त्या मैदानात कापसाच्या गाठींचे ढीग पडत. तिथेच सौदे होत. पुढे तो बाजार कुलाब्याला हलवला. मग मैदानाची बाग झाली. हा कापूस आला कोठून? मुंबईत तर कापूस पिकत नाही. तो आला गुजरातेतून, खानदेशातून, वऱ्हाडातून. शेतकऱ्याच्या बैलगाडीतून निघाला आणि इथे येऊन जहाजात चढला. ही कापसाची गोष्ट ध्यानात ठेवा. तिचा पुढचा भाग चौथ्या ठिकाणी येणार आहे.

तिसरे ठिकाण : हुतात्मा चौक

टाउन हॉलपासून पश्चिमेला चालत गेले की दहा मिनिटांत एक मोठा चौक लागतो. मधोमध दगडी कारंजे आहे. हे १८६४ सालचे. वर फ्लोरा नावाच्या रोमन देवीची मूर्ती आहे, म्हणून याला 'फ्लोरा फाउंटन' म्हणत. किल्ल्याची एक वेस पूर्वी इथेच होती.

कारंज्याजवळच दुसरे स्मारक आहे. हातात मशाल घेतलेले दोघे जण. एक शेतकरी आणि एक कामगार. हे हुतात्मा स्मारक. ज्याने मोठ्या कामासाठी प्राण दिले, तो हुतात्मा.

हे कोणासाठी, ते आता सांगतो. स्वातंत्र्यानंतर भाषेप्रमाणे राज्ये करण्याचे ठरू लागले. तेव्हा मराठी माणसांची मागणी होती की, मुंबईसह महाराष्ट्राचे एक राज्य व्हावे. पण मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा विचार पुढे आला. लोक रस्त्यावर उतरले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मोर्चा निघाला आणि या भागात पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी पंधरा माणसे मेली. चळवळ थांबली नाही. पुढच्या काळात आणखी माणसे गेली. एकूण शंभराहून अधिक. त्यांत गिरणी कामगार होते, शेतकरी होते, विद्यार्थी होते. शेवटी १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई त्याची राजधानी झाली. पुढे या जागेला 'हुतात्मा चौक' असे नाव दिले.

वहिनींनी चौकाच्या नावाची पाटी मोठ्याने वाचली. "हु-ता-त्मा चौक." जोडाक्षर जरा कठीण गेले, पण सुटले. मग त्या नातवाला म्हणाल्या, "अरे, मी लहान होते तेव्हा ह्या गोळीबाराचं बोलणं आमच्या ओसरीवर चालायचं. पण जागा आज पाहिली."

तुम्ही आज दाखल्यासाठी मराठीत अर्ज करता. सातबारा मराठीत वाचता. तालुक्याच्या कचेरीत मराठीत बोलता. त्यामागे या चौकातली माणसे आहेत. मुंबईला गेलात तर इथे पाच मिनिटे नक्की थांबा.

चौथे ठिकाण : राजाबाई टॉवर

हुतात्मा चौकापासून थोडे चालले की ओव्हल मैदान लागते. मैदानाच्या कडेला सावली पाहून आम्ही भाकऱ्या सोडल्या. समोरच एक उंच दगडी मनोरा दिसतो, वर घड्याळ आहे. हा राजाबाई टॉवर. उंची २८० फूट. मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे. काम १८६९ मध्ये सुरू झाले आणि १८७८ मध्ये पुरे झाले. याचा आराखडा स्कॉट नावाच्या इंग्रजाने काढला. मौज अशी की, तो गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलाच नाही. तिकडेच बसून कागदावर मनोरा काढला आणि इकडे गवंड्यांनी तो उभा केला!

राजाबाई कोण? प्रेमचंद रायचंद नावाच्या मोठ्या व्यापाऱ्याची आई. मनोऱ्यासाठी त्याने २ लाख रुपये दिले. त्या काळचे २ लाख, बरे का! आईचे नाव राहावे ही त्याची इच्छा. चांगलीच म्हणायची.

पण चौथा प्रश्न विसरू नका. हा पैसा आला कोठून? इथे आपली कापसाची गोष्ट पुढे चालू होते. १८६१ मध्ये अमेरिकेत आपसांतले युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडला जाईना. इंग्लंडच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मग इंग्लंडने आपल्या इकडचा कापूस मागितला. भाव भराभर चढले. मुंबईत पैशाचा पूर आला. व्यापारी कोट्यधीश झाले. शेतकऱ्यालाही चार पैसे दिसले. सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागले.

१८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला. इकडचे भाव धाडकन खाली आले. मुंबईत पेढ्या बुडाल्या. खुद्द प्रेमचंदही बुडाला. पण त्याने आधी दिलेल्या पैशातून मनोरा उभा राहिला.

आणि शेतकरी? भाव पडला, पण कर्ज राहिले. सारा वाढला. सावकाराने नवे कर्ज देण्याचे बंद केले आणि जुने मागू लागला. शेतकऱ्याने कशावर अंगठा उठवला होता, ते त्याला वाचता येत नव्हते. शंभर घेतले की दोनशे, हे वहीला आणि सावकाराला ठाऊक. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावी लोक उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या आणखी गावांत हे लोण पोहोचले. लोकांनी मुख्यतः काय केले? सावकाराच्या वह्या आणि कर्जाची खते बाहेर काढली आणि जाळली. जो कागद वाचता येत नाही, त्याच्याशी भांडायचे तरी कसे? त्यांना जाळणे एवढेच सुचले. पुष्कळांना अटक झाली. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कर्जाचे खत सरकारी माणसाच्या देखरेखीखाली लिहावे, असाही नियम त्यात होता.

सुप्याला वह्या जळाल्या, त्या वर्षी इथे मनोऱ्याचे दगड चढत होते. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या. एकाच कापसाच्या.

वहिनी भाकरीचा तुकडा हातात धरून वर बघत होत्या. म्हणाल्या, "आपला टेकाडाखालचा माळ असाच गेला ना? मामंजींनी अंगठा दिला होता."

खरे आहे. आमच्या वडिलांनी एका कागदावर अंगठा उठवला होता. त्यात काय लिहिले आहे, हे त्यांना दुसऱ्याने सांगितले. सांगितले एक आणि लिहिले होते दुसरे. माळ गेला. म्हणून आम्ही वाचकांना कळकळीने सांगतो. कोणताही कागद पुरता वाचल्याशिवाय सही करू नका. समजले नाही तर घरी न्या, दोघांना दाखवा. 'घाई आहे' असे कोणी म्हणाले, तर अधिकच सावकाश वाचा.

पाचवे ठिकाण : गेटवे ऑफ इंडिया

ऊन उतरल्यावर आम्ही समुद्राकडे निघालो. गेटवे ऑफ इंडिया म्हणजे भारताचे प्रवेशद्वार. पाण्याच्या काठावर पिवळसर दगडाची भली मोठी कमान आहे. उंची ८५ फूट. आराखडा विटेट नावाच्या स्कॉटिश स्थापत्यकाराचा. आत जाण्याआधी पोलीस पिशव्या तपासतात. तपासू द्याव्यात.

कमानीवर इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत. वहिनींनी नातवाला पुढे केले. "तू वाच रे, तुला येतं." त्याने वाचून मराठीत सांगितले. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी इथे उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान उभारली आहे.

पण गंमत पाहा. राजा आला तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाचा दगड १९१३ मध्ये बसला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी कमान खुली झाली. राजा येऊन गेला आणि दार तेरा वर्षांनी तयार झाले! सुमारे २१ लाख रुपये खर्च आला. बहुतेक पैसा हिंदुस्थान सरकारचा, म्हणजे इथल्या रयतेच्या कराचा.

पुढे काय झाले ते तर अधिक ऐकण्यासारखे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. इंग्रजांच्या फौजा टप्प्याटप्प्याने परत जाऊ लागल्या. त्यांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीतून बाहेर पडली आणि जहाजात बसली. राजाच्या येण्यासाठी बांधलेले दार त्याच्या फौजेच्या जाण्याच्या कामी आले.

कमानीसमोर घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. २६ जानेवारी १९६१ रोजी त्याचे अनावरण झाले. दगडांवरची नावे अशी बदलत जातात. कोणाचे नाव ठेवायचे, हे लोकांचे राज्य आले की लोक ठरवतात.

भिंतीवर नाव कोरू नका

एक वाईट खोड सांगायची राहिली. पुष्कळ वास्तूंच्या भिंतींवर लोकांनी खिळ्याने नावे खरवडलेली असतात. बदाम काढलेले असतात. अक्षर शिकलो ते यासाठी नव्हे. दीडशे वर्षांचा दगड आपल्या खिळ्याने क्षणात बिघडतो आणि पुन्हा नीट होत नाही. अशा वास्तू विद्रूप करणे हा कायद्याने गुन्हाही आहे. पान खाऊन कोपऱ्यात थुंकू नये, कागद टाकू नये. वास्तू सरकारची म्हणजे कोणाचीच नाही, असे समजू नका. तिच्यात आपल्या मागच्या पिढ्यांचा कापूस आहे, कर आहे आणि घाम आहे. ती आपली आहे.

नाव लिहायचेच असेल तर घरी येऊन वहीत लिहा. काय पाहिले, कोणी बांधले, केव्हा, कशासाठी, कोणाच्या श्रमाने. पाच ठिकाणांना पाच पाने पुरतात. वहिनींची वही आम्ही पाहिली. पहिल्या पानावर स्थानकाचे नाव आहे, साल आहे आणि खाली एक ओळ आहे : 'घाट फोडणाऱ्यांची नावे नाहीत.'

आणि मुंबईला जाणे होत नसेल तर? तरी अडत नाही. आपल्या गावातही दगड आहेत. वेशीजवळ वीरगळ असेल. लढाईत पडलेल्या वीराची आठवण म्हणून उभा केलेला तो दगड. विहिरीच्या काठावर, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर काही अक्षरे असतील. आजवर आपण त्यावर पाय ठेवून किंवा पाठ टेकून गेलो. आता आपल्याला वाचता येते. उद्या सकाळी तांब्याभर पाणी घ्या, दगड धुवा आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचा. न कळल्यास शाळेतल्या गुरुजींना विचारा. मग चारही प्रश्न गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ज्यांची नावे दगडावर नाहीत, ती कदाचित त्यांना आठवत असतील. आठवली तर वहीत लिहून ठेवा.